बांधाशी वळणारा ट्रॅक्टर

सर्व भाऊबंदांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या राहू गावच्या घराचा छोटा ट्रॅक्टर काल भंगारात गेला! गोठ्यात मात्र डिझेलचा वास उरलाय. तो नाकात शिरला आणि मी नव्वदच्या दशकातल्या एका गारठलेल्या सकाळी जाऊन उभा राहिलो.

वडील, म्हणजे आप्पा, आणि धाकटे चुलते तात्या यांची वाटणी होऊन रानाच्या मधोमध नवा बांध पडला होता. बोलणं बंद. गव्हाची पेरणी तोंडावर आलेली आणि आप्पांची ट्रॅक्टरला एकच अट: वळताना चाक तात्याच्या हद्दीत जाता कामा नये. मोठा ट्रॅक्टर त्या पट्टीत वळतच नव्हता.

मग दाखवायला म्हणून रानात आणलेला छोटा ट्रॅक्टर शोरूमच्या माणसानं बांधाशी असा झोकात वळवला की मी टाळ्याच पिटल्या. आप्पा मात्र मान खाली घालून चाकाची खूण बघत राहिले. पलीकडे तात्या उभे होते. तेच नाक, तशीच टोपी, तशीच खाली घातलेली मान. आज दोघंही नाहीत. बांध तेवढा आहे.

त्या माणसाला आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. दोघांकडं बघून तो हसत बोलून गेला, "आप्पा, तुम्ही सख्खं भाऊ दिसताय. मंग दोघांत मिळून एक मोठाच घ्या की!"