चादरवाल्या बाई

चादरवाल्या बाई चित्रकार होत्या, पण त्यांना चित्र काढताना मी कधीच पाहिलं नाही. समोर कोणी कोळशाने रेघ ओढायला लागलं, की त्या स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "वाईट सवय आहे हो. हात मोकळे असले की दुसऱ्याची रेघ सरळ करायला जातात."

हडपसरच्या आमच्या सोसायटीत त्या आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, आणि खांद्यावर जुन्या चादरींची मोठी पिशवी होती. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या अकरा बायकांसोबत त्यांना चित्रं काढायची होती, त्यासाठी रविवारी दुपारी हॉल हवा होता. मी सोसायटीचा सचिव. हॉल दिला, आणि आत काय चालतं यावर लक्ष असावं म्हणून दर रविवारी मागच्या खुर्चीत जाऊन बसलो.

त्यांची पद्धत सोपी होती. एकीने आपली हकीकत सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची, मग जिची हकीकत तिनेच ती काढायची, जुन्या चादरी जोडून केलेल्या एकाच मोठ्या चादरीवर. "मला न्हाई येत," असं कोणी म्हणालं, की बाई म्हणत, "पोळ्या तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आलात? काढा."

तिसऱ्या रविवारी शकुंतलाबाईंची पाळी आली. सातव्या मजल्यावर त्या तीन घरांत काम करतात. त्यांनी खाली लिफ्टचं बंद दार काढलं आणि त्याच्या शेजारून जिना, चादरीच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत. घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, अशी नोटीस आमच्या गेटवर होती. खाली सही माझी. सकाळी लिफ्टला गर्दी होते, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं होतं. शकुंतलाबाईंचा उजवा गुडघा सुजला होता. जिना झेपला नाही, तर तिन्ही घरं सुटणार होती.

मला मात्र त्या चित्रात चूक दिसली. "एकशे बासष्ट पायऱ्या काढल्यात," मी म्हणालो. "मजल्याला अठरा. सात मजल्यांच्या एकशे सव्वीस. छत्तीस जास्त आहेत."

"दादा, रोज चढतीय मी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "एकेक मोजलेली हाय."

चादरवाल्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "सचिवसाहेब, वाद कशाला? जिना काही पळून गेलेला नाही."

मी गेलो. गेटपासून मोजत चढलो. वाटेत दोनदा दम खायला थांबलो. सातव्या मजल्यावर आकडा भरला एकशे बासष्ट. आमच्या इमारतीत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये पार्किंगचे दोन मजले आहेत. नऊ वर्षं मी तिथे गाडी लावतो आणि तिथूनच लिफ्टने वर जातो. ते दोन मजले माझ्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

खाली येऊन मी चूक कबूल केली. कोणी हसलं नाही. चादरीवर लिफ्टच्या दाराशी थोडी जागा कोरी होती. तिथे कोण, असं मी विचारलं.

"तुम्हीच," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पर तुमास्नी काढायची कुणाची छाती होईना."

मी चादरवाल्या बाईंना म्हणालो, "मग तुम्ही काढा."

त्यांनी कोळसा माझ्या हातात ठेवला. "नोटिशीवर सही दुसऱ्याकडून करून घेतली होतीत का?"

मी स्वतःला काढलं. हातात फाइल घेतलेला, मान नसलेला एक माणूस झाला. बाईंचे हात मांडीखालीच होते.

वार्षिक सभेत चादर भिंतीवर लावली. एक सभासद म्हणाले, "आज लिफ्ट मागतायत, उद्या पोहायचा तलाव मागतील." शकुंतलाबाई उठल्या. "पोहायला येळ कुणाला हाय सायेब? तुमच्याच घरची धुणी पडल्यात." सभा हसली. मग मी सांगितलं, की नोटीस लावणाऱ्याला जिना ठाऊक नव्हता. पाच मतांच्या फरकाने नोटीस रद्द झाली. चादरवाल्या बाई शेवटच्या रांगेत होत्या. तिथेही त्यांचे हात मांडीखालीच होते.

पुढे ती चादर एका प्रदर्शनासाठी मागायला लोक आले. "बायकांना विचारा," बाई म्हणाल्या. बायकांनी अर्धा तास चर्चा केली आणि ठरवलं, जिचं चित्र तिने घरी न्यायचं. बाईंनी लगेच पिशवीतून कात्री काढून दिली. मी खुर्चीतून उठलोच. "अहो, एवढं मोठं काम तुमचं!"

"माझं कुठलं? शकुंतलाबाई, जरा सांभाळून. शेजारणीचं चित्र कापाल."

त्याच संध्याकाळी, वाघोलीत बांधकामावर राबणाऱ्या बायकांकडे जायचं म्हणून, रिकामी पिशवी खांद्याला अडकवून त्या रिक्षात बसल्या. घरी न्यायचे चादरीचे तुकडे अजून हॉलमध्येच पडले होते. बायकांचे अकरा आणि माझा एक, असे बारा. चादरवाल्या बाईंच्या वाट्याचा एकही नव्हता. मी दोनदा मोजले.