हितंच सोडा

"मास्तर, हितंच सोडा."

कोल्हापूर-गडहिंग्लज गाडीत मी कंडक्टर होतो तेव्हाची गोष्ट. गाव अजून लांब असायचं आणि हा गडी ट्रंक उचलून दारात उभा. तिथं ना स्टॉप, ना झाड. नुसतं वळण आणि उसातून गावाकडं जाणारी पायवाट.

रजेवरचे फौजी तुम्हीही पाहिले असतील. गाव जवळ आलं की मिशीवरून हात फिरवतात, बूट पुसतात. याचं उलटंच. हा बूट काढून गळ्यात अडकवायचा आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा.

पहिल्या खेपेला मी खवळलोच. "ही यश्टी हाय का टांगा?"

"टांगा असता तर बांधावनं नेला असता की!"

गाडी हसली. मी मुकाट्यानं दोरी ओढली.

पुढच्या रजेला विचारलं, रस्त्यानं काय काटे पसरलेत का रे?

"मास्तर, रस्त्यानं गेलो की घराघरात चा प्यावा लागतोय. आईचा चा शेवटाला येतोय. मागल्या दारानं गेलो की तिचा पयला."

त्यानंतर मी त्याला कधी अडवलं नाही. ऊस छातीएवढा असला की लांबून फक्त डोक्यावरची काळी ट्रंक हलताना दिसायची. सगळी गाडी खिडक्यांतून वाकून बघायची. ड्रायव्हरही गिअर टाकायला उगाच वेळ लावायचा.

कारगिलच्या वर्षी तो गेला. फौजेच्या गाडीतून तिरंग्यात गुंडाळलेली त्याची पेटी आली. घोषणा, फुलं, रस्ता माणसांनी तुडुंब. आमची एसटी अडकली, म्हणून मी उतरून घरापर्यंत गेलो. पेटी दारात ठेवली तरी आई दिसेना. ती मागल्या दारात उभी होती, उसाकडं तोंड करून. बायकांनी दंडाला धरून तिला पुढं आणलं. पेटी उघडायची नाही, असं बरोबरच्या जवानांनी सांगितलं. तिनं पेटीवरून हात फिरवला आणि पुन्हा मागं निघून गेली.

पुढं कित्येक महिने वळण आलं की माझा हात आपोआप दोरीकडं जायचा. ऊस हलला की मी खिडकीशी वाकायचो. वाऱ्यानं हलतोय हे कळायचं, तरी मी बघत राहायचो. मला त्या वळणाची भीती वाटायची, आणि ते चुकवावंसंही वाटायचं नाही.

मग त्याची आई तिथं येऊन बसायला लागली. गाडी आली की उठायची, दाराकडं बघायची, परत बसायची. हात कधी करायची नाही.

काही वर्षांनी ते शेत दुसऱ्याकडं गेलं. नव्या मालकानं पायवाटेसकट नांगर घातला. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा हात करून गाडी थांबवली.

"मास्तर, वाट मोडली वो. आता त्यो येनार कुठनं?"

तोंडाला आलं ते बोलून गेलो, "रस्त्यानं यील की, मावशी."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"रस्त्यानं येऊन गेला की त्यो."