तिच्या वाट्याची साडी

आमच्या मोर्चांना अर्धे लोक तोंड झाकून येतात. कुणी करोनाच्या काळातला निळा मास्क लावतं, कुणी स्कूटरवर बांधतात तशी ओढणी गुंडाळतं. घरी कळायला नको, ऑफिसात कळायला नको. ती गेल्यावरही मी जात राहिले, त्याचं खरं कारण हे झाकलेले चेहरेच होते. इतक्या चेहऱ्यांत एखादा तिचा असेल असं मला मोर्चा संपेपर्यंत वाटत राहायचं. तिच्यासारखी डावा खांदा जरा खाली ठेवून चालणारी कुणी दिसली की मी वाट काढत तिच्याजवळ पोचायची. मास्कवरचे डोळे परके निघायचे. ते ओळख असल्यासारखे हसायचे. मीही हसायची आणि आपल्या जागी परत यायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडिलांचं तालुक्याच्या गावात इस्त्रीचं दुकान, आई घरी बसून साड्यांना फॉल लावते. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं, म्हणून मी इंजिनिअर झाले. चेन्नईला अंबत्तूरच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर ती बातमीही घरोघर पोचवली. या माणसांचे उपकार मी विसरलेले नाही. चेन्नईत मी कुणाबरोबर राहत होते हे त्यांना कधी सांगता आलं नाही, तेही विसरलेले नाही.

वेस्ट मांबलममध्ये एक मराठी बोलणाऱ्या बाई एक खोली भाड्याने देतात, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. मराठी म्हटल्यावर मी पोह्यांची स्वप्नं बघत गेले. दार उघडणाऱ्या बाई तंजावरकडच्या. त्यांचे पूर्वज तिकडच्या मराठी राजांच्या काळात आलेले, आणि भाषाही तेव्हाचीच.

"कोठली गं तूं? काय करतेस?"

मी सगळं भराभर सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझं मराठी फार घाईचं, पोरी. गाडी सुटते काय?"

आतून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "तिचं बरोबर आहे अम्मा. आपलंच म्युझियममधलं."

मग ती बाहेर आली. अण्णा नगरच्या एका बँकेत ती कर्जाचं काम बघायची आणि माझ्याहून काही वर्षांनी मोठी होती. रोज सकाळी ती मला स्कूटरवर अण्णा नगरपर्यंत सोडायची, तिथून पुढे मी बस धरायची. एकदा सिग्नलला तिने हात मागे करून माझा हात आपल्या पोटाशी ओढून घेतला आणि हिरवा दिवा लागला तरी सोडला नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला पुढे ढकललं. तेव्हापासून मी त्या घरात नुसती भाडेकरू राहिले नाही. अम्माला मात्र आम्ही काही सांगितलं नाही, आणि अम्मानेही कधी काही विचारलं नाही.

दिल्लीला लग्नाच्या हक्काची सुनावणी चालू होती, तेव्हा आम्ही पहिल्यांदा मोर्चाला गेलो. जागा वळ्ळुवर कोट्टमजवळची, घरापासून लांब नव्हे. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. माझं तमिळ भाजीबाजारापुरतंच होतं, म्हणून तिने माझ्या तळहातावर पेनने देवनागरीत घोषणा लिहून दिली. पुढून कुणीतरी ओरडणार, 'तिरुमणम्!' म्हणजे लग्न. आपण म्हणायचं, 'एंगळ उरिमै!' म्हणजे आमचा हक्क.

मी म्हणून दाखवलं. ती मास्कच्या आत हसत सुटली. "असं ओरडलीस तर पोलीस लग्नाचं ऐकणार नाहीत, आधी तुला दवाखान्यात नेतील."

बंदोबस्ताला उभी असलेली एक बाई कॉन्स्टेबल आमच्याकडे बघून तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, आणि आजूबाजूचे सगळे हसले. मला फक्त 'लग्न' एवढा शब्द कळला.

"काय म्हणते?"

"म्हणते, आम्ही लग्न करून कोणतं सुख बघितलं? तुम्हाला कशाला पाहिजे?"

आणि ती वळून त्या बाईला म्हणाली, "अक्का, नको असेल तर नको म्हणायला तरी मिळू दे!" कॉन्स्टेबलने टोपी सारखी केली आणि हसू लपवायला दुसरीकडे बघितलं. घामाने माझ्या तळहातावरची अक्षरं पुसून गेली, पण तोवर ती पाठ झाली होती.

निकाल विरुद्ध गेला. लग्नाचा हक्क देणं आमचं काम नाही, तो कायदा संसदेने करायचा, असं न्यायालय म्हणालं. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथे जाऊन उभ्या राहिलो. माणसं थोडी होती आणि घोषणा कुणाला सुचत नव्हत्या. परत येताना स्कूटरवर ती म्हणाली, "जाऊ दे गं. आपल्याला काय घाई? खूप वर्षं आहेत."

पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाच्या दारावर नर्सने विचारलं, "पेशंटच्या कोण?" मी म्हणाले, "त्यांच्या घरी राहते." तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं. तिचा मोठा भाऊ बंगळूरूहून आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सह्या त्यांनी केल्या, पुढचं सगळंही त्यांनीच केलं. माणूस चांगला. मी लिफ्टजवळ अम्माची पिशवी सांभाळत उभी होते.

मी सामान बांधायला काढलं तेव्हा अम्मा म्हणाली, "तूं कोठें जातेस? राहा." मी राहिले. पण त्या घरात आम्ही दोघीच नव्हतो. ती कामावरून आली की खालच्या लोखंडी फाटकावर किल्ली आपटायची, दोनदा, टक टक. वर कुणाला बोलवायला नव्हे, नुसती सवय. ती गेल्यानंतर दिवेलागणीला तो आवाज यायचा. मी लॅपटॉपवरून मान वर करायची आणि बघायची तर अम्माचीही मान वर झालेली. फाटकाशी कुणी नसायचं. आम्ही दोघी पुन्हा आपापल्या कामाला लागायचो, आणि त्याबद्दल एक शब्दही काढायचो नाही.

अशात अण्णांच्या मुलाची मुंज ठरली. अम्माच्या घराण्यात कुठलंही मंगलकार्य असलं की आधी घरातून गेलेल्या बायकांची आठवण करायची पद्धत आहे. त्यांच्यासाठी दिव्यापुढे कोरं वस्त्र ठेवायचं, त्यांचा आशीर्वाद मागायचा आणि मग ते वस्त्र घरातल्या बायकांनी नेसायचं. सुवासिनी म्हणून गेलेलीला साडी. लग्न न होता गेलेलीला पावाडै, म्हणजे लहान मुलींचा रेशमी परकर. ती कितीही वयाची होऊन गेली असली तरी परकरच.

अण्णा टी. नगरहून खरेदी करून आले आणि पिशवी जमिनीवर रिकामी केली. आजीसाठी साडी होती, काकूसाठी साडी होती. शेवटी त्यांनी एक छोटा लाल परकर काढला. हिरवा काठ, वर नाडी. दुसरी-तिसरीतल्या मुलीला व्हावा एवढा.

"हा तिच्यासाठी," ते म्हणाले, आणि परकराची घडी सारखी केली.

मी त्या परकराकडे बघतच राहिले. लोकांची घराची कर्जं मंजूर करणारी, भर वाहतुकीत माझा हात धरून ठेवणारी माझी ती या घराच्या आठवणीत आता कायमची एवढीशी पोर होऊन राहणार होती. दर मुंजीला, दर लग्नाला, कधी कुणाची न झालेली पोर. मला ते सहन होईना.

"अण्णा, तिला हा कसा होईल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते कसनुसं हसले. "अहो, घालायचा थोडाच आहे? पद्धत आहे. लग्न झालं नव्हतं ना तिचं."

लग्न झालं होतं असं म्हणायला ज्या हक्काची गरज होती, तोच तर आम्ही रस्त्यात उभ्या राहून मागत होतो. अम्मा कढीपत्त्याची पानं खुडत बसली होती. तिने वर बघितलं नाही. "राहूं दे तें तिथें," एवढंच म्हणाली.

अण्णा मुंजीची आमंत्रणं द्यायला गेले. दिवे लागले. फाटकावर टक टक झालं.

या वेळी अम्मा माझ्याकडे वळली. "तुजही ऐकूं येतं ना?"

"हो, अम्मा."

"रोज?"

"रोज."

"मज वाटलं मीच एकटी वेडी." तिने फाटकाकडे बघितलं. "रोज येते ती. मग आंत कां येत नाही, सांग मज."

अम्माने त्या परकराला बोट लावलं. "हें नेसून कशी येईल? एवढी मोठी बाई माझी. लाज नाहीं वाटायची?"

मग ती म्हणाली, "तुम्ही दोघी तोंड बांधून तिथें जात होतां. मज ठाऊक आहे. ती मास्क धुऊन दोरीवर घालायची, दोन शेजारीं शेजारीं, आणि मज सांगायची, बँकेंत धूळ फार. तिथें जाऊन काय मागत होतां?"

"लग्न, अम्मा."

"दिलं कोणीं?"

"नाही."

"मग अजून कां जातेस?"

"तिथे ती दिसते," मी म्हणाले. तिच्या मरणानंतर पहिल्यांदा मी अम्मासमोर रडले. तिने कढीपत्त्याचा वास येणारा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "पोदुम, पोदुम," म्हणजे पुरे, पुरे, असं म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून अम्माने मदुरैची सुंगुडी साडी घेतली. सुती, गर्द निळी, तिच्यावर बांधणीचे पांढरे ठिपके. घरी येऊन ती माझ्या मांडीवर टाकली. "फॉल लाव. तुझ्या आईकडून शिकलीस ना?" मी लावला. आई म्हणते, टाका असा घालावा की वरून दिसू नये. तसाच घातला.

पूजेच्या दिवशी अण्णांनी दिव्यापुढे बघितलं. आजीची साडी, काकूची साडी आणि तिसरी ही निळी. परकर दिसत नव्हता. अम्माने तो सकाळीच खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकला होता.

"अम्मा, हे चुकतंय. शास्त्री काय म्हणतील?"

"शास्त्र्याला जेवण वाढ. बायकांचं मी बघतें."

अण्णांनी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचल्याची खूण होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं. ते खाली वाकले आणि तिन्ही वस्त्रांवर एकेक फूल ठेवलं. निळ्या साडीवर ठेवताना त्यांचा हात थांबला, पण ठेवलं.

जेवणानंतर अम्माने दोन साड्या सुनेला दिल्या. तिसरी उचलून सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. "तिच्या वाट्याची तूं नेस. पेटींत नको घालूं. तिथें नेसून जा."

पुढच्या मोर्चाला मी ती नेसून गेले. मास्क पर्समध्येच राहिला. ऑफिसातलं कुणी बघेल, गावाकडे फोटो जाईल, ही भीती होती. ती अजूनही आहे. घोळक्यातल्या एका मुलाने ओरडून विचारलं, "काय अक्का, साडीबिडी? कुणाचं लग्न?" मी म्हणाले, "माझं." तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने मला पुढे जायला वाट करून दिली. पुढून हाक आली, 'तिरुमणम्!' मी उत्तर दिलं. त्या दिवशी मी कुणाच्याही मास्कवरचे डोळे शोधले नाहीत.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. फाटकाशी आले आणि नकळत माझ्या हाताने लोखंडावर किल्ली आपटली. टक टक.

अम्मा लगबगीने खाली आली. तिने फाटक उघडलं, साडीकडे बघितलं आणि बाजूला सरकली. मी आत आले. ती फाटक धरून तशीच उभी राहिली, आणखी एक माणूस आत येईल एवढा वेळ. मग कडी लावली.