वडिलांचा बिल्ला, भावाचा बिल्ला

लिहायला बसलो खरा, पण हा आपला प्रांत नाही असं सारखं वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यात सांगायचंय ते कॉम्प्युटरच्या कामाबद्दल. वाचणाऱ्याला कंटाळा आला तर त्याने सांभाळून घ्यावं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पदवीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत असताना मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात मला हंगामी काम मिळालं. वडील तिथूनच रिटायर झालेले, आणि थोरला भाऊ तिथेच कामाला. जुन्या मशीनमधली माहिती नव्या डेटाबेस प्रोग्रामात आणायची होती. ती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत होती. कामगार एका तक्त्यात, त्यांच्या घरची माणसं दुसऱ्यात, दवाखान्याच्या नोंदी तिसऱ्यात, आणि तिन्हींना जोडणारा बिल्ला नंबर. आम्ही ती फ्लॉपीवर उतरवायचो आणि नव्या प्रोग्रामात भरायचो. थोड्या ओळी आत जायच्या, मग मशीन थांबायचं. अडलेली ओळ शोधायची, सगळं पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून. खोली मशीनसाठी थंड ठेवलेली असायची. संध्याकाळी बाहेर आलो की मान वळत नसे आणि कुणाशी बोलावंसंही वाटत नसे.

मशीन का थांबतं ते हळूहळू कळलं. आमच्याकडे बाप रिटायर झाला की मुलगा कामाला लागायचा, आणि बापाचाच पितळी बिल्ला छातीवर लावायचा. जुनं मशीन नंबराबरोबर भरतीची तारीखही बघायचं, त्यामुळे दोघे वेगळे राहायचे. नव्याला एका नंबरावर एकच माणूस हवा होता. ही अट काढून बघितली, तर वडील आणि भाऊ एकाच नंबराखाली घुसले, आणि पडद्यावर आई आणि वहिनी एकाच माणसाच्या बायका झाल्या. घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, "म्हणजे आता आत्याबाय माझी सवत झाली का रं?" आई चुलीपुढे बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

वडिलांना मात्र हसलं की दम लागायचा. रसायनांच्या खात्यात आयुष्य गेलेलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून मांडीवर उशी घेऊन ते रात्र बसून काढायचे. कारखान्याच्या कॉलनीत खोली मिळाली असती तर तिथला दवाखाना हाकेवर आला असता. आमच्या वाडीतून तिथे न्यायचं तर टेंपोची वाट बघण्यात अर्धा जीव जायचा. आणि खोल्या आता नव्या प्रोग्रामातूनच, नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे वाटायच्या होत्या. भावाची ओळच आत जात नव्हती.

वडिलांची ओळ काढली असती तर सुटलं असतं, पण मग कारखान्याच्या दवाखान्यातून मिळणारं त्यांचं औषध बंद झालं असतं. शेवटी साहेबांनी ठरवलं की मुलांना नवे नंबर द्यायचे; भरतीची तारीख तीच राहील, ज्येष्ठता जाणार नाही. भावाने नकार दिला. त्याच्यासारखे आणखी काही जण होते, तेही त्याच्याकडे बघून अडून बसले. काम पुन्हा थांबलं. साहेब मला विचारायचे आणि मी घरी विषय काढायला घाबरायचो.

एका रविवारी वडिलांनीच काढला. भाऊ चिंचेने बिल्ला घासत बसला होता.

"दे टाकून तो," वडील म्हणाले.

"तुमचा हाय बाबा. कसा टाकू?"

"माझा कुठला रं? कारखान्याचा हाय. मी मिळवलेला तू हाय, तो नाय."

भावाने फडक्याने बिल्ला कोरडा केला आणि सोमवारी जमा केला. मागोमाग बाकीच्यांनीही केले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी शेवटची ओळही आत गेली. त्यावर चहा घेतला. आनंद असा झाला नाही, झोप मात्र फार आली.

काम संपलं तशी माझी गरजही संपली. पुढे शिकायला मी कर्जतला मामाकडे राहिलो. खोल्यांचं काय झालं ते कळत नव्हतं. पाऊस गेला, भातं कापून झाली. घरून काहीच कळेना आणि विचारायचा मला धीर होईना.

मग एके दिवशी भावाच्या पाळीतला एक कामगार कर्जत स्टेशनाबाहेर भेटला. सायकल धरून उभा होता. म्हणाला, "तुझ्या भावाने सांगायला सांगितलंय. खोली मिळाली. परवाच सामान हलवलं, लगेच दवाखान्यात दाखवलं. आणि बाबा काल रात्रभर आडवे झोपले."