चोवीस तासांसाठी स्थगित

'सुरक्षिततेच्या कारणास्तव आपली नोंदणी चोवीस तासांसाठी स्थगित करण्यात आली आहे. आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत.' या वाक्याचा कर्ता मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मूळ मसुद्यात 'तुमचे खाते लॉक झाले' एवढेच होते. मला ते उद्धट वाटले.

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर इंदिरानगरातल्या घरी माझा दिवस संध्या, पोथी आणि शेजारच्या मुलांची स्तोत्रे यांत जात असे. एके दिवशी सरकारी कचेरीतून निरोप आला. नागरिकांना घरबसल्या दाखले मिळावेत म्हणून नवे पोर्टल आखले जात होते, आणि त्यातील मराठी तपासायला कुणी ज्येष्ठ माणूस हवा होता. लोकांच्या उपयोगाचे काम ही पूजाच, अशा भावनेने मी गेलो.

बैठकीला आम्ही चौघे होतो: अध्यक्षस्थानी एक अधिकारी बाई, पोर्टल बांधणाऱ्या कंपनीचा अभियंता, हरसूलला सेतू केंद्र चालवणारे एक गृहस्थ आणि मी. पहिल्याच दिवशी अभियंत्याने भीत भीत विचारले, "सर, पासवर्डला काय म्हणायचं? संकेतशब्द?"

"पासवर्डच म्हणा," मी म्हणालो. "लोकांना दाखला हवा आहे, माझी परीक्षा द्यायची नाही."

बाई मोकळेपणाने हसल्या. इथे आपले ऐकले जाईल, असे मला तेव्हा वाटले.

तिसऱ्या बैठकीत नियम पुढे आला. एका मोबाइल क्रमांकावर एकाच नागरिकाची नोंदणी होईल. अर्ज भरताना त्या क्रमांकावर सहा आकडी ओटीपी येईल, तो दहा मिनिटे चालेल आणि तीनदा हुकला तर नोंदणी चोवीस तास बंद राहील.

सेतूवाले चुळबुळले. "मॅडम, आमच्याकडं दिवाळीनंतर अख्खा पाडा द्राक्षबागांवर कामाला उतरतो. टोळीचा फोन एकच, मुकादमाचा. सगळ्यांच्या कागदांवर त्याचाच नंबर हाय."

"आजकाल फोन कुणाकडे नाही हो?" अभियंता म्हणाला.

"फोन हाय. रिचार्ज नाय."

"आणि एजंट एकाच नंबरवर ढीगभर अर्ज टाकतात, त्याचं काय?" बाई म्हणाल्या. "गुरुजी, तुम्ही आपली वाक्यं बघा."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, सेतूवाल्यांचेही नव्हते. "यावर विचार व्हावा," असे मी एकदा, शांतपणे म्हणालो, आणि वाक्ये बघू लागलो. इतिवृत्तात नोंद झाली ती एवढीच की, भाषाविषयक सूचना स्वीकारल्या. चाचणीसाठी त्र्यंबकेश्वर तालुक्यातली केंद्रे निवडली गेली.

माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई हरसूलजवळच्या एका पाड्यावरची. तिची मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले. जातीच्या दाखल्यासाठी अर्ज केल्याची पोचपावती शनिवारी संध्याकाळपर्यंत कॉलेजात पोहोचली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आणि केंद्रावर मुकादमाचा नंबर चालेना, कारण मुकादमाने त्यावर स्वतःची नोंदणी आधीच केली होती.

"माझा नंबर दे," मी म्हणालो. पोर्टल आखणाऱ्यांत मी होतो, पण माझी स्वतःची नोंदणी काही केली नव्हती. "फक्त दहानंतर करायला सांग."

त्याचे कारण तिला ठाऊक होते. सकाळी मी जपाला बसलो की माळ पुरी होईपर्यंत बोलत नाही आणि आसन सोडत नाही. मुंजीपासूनचा हा नेम आहे. पत्नी गेल्यापासून घरात फोन घ्यायला दुसरे कुणी नाही.

शुक्रवारी हरसूलला दहाच्या सुमारास वीज जाणार होती, म्हणून सेतूवाल्यांनी मुलीचा अर्ज साडेसातलाच घेतला. बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजला, थांबला आणि पुन्हा वाजला. कशासाठी वाजतो आहे, ते मला कळले होते. माळ अर्ध्यावर होती. उठावे असे वाटले; मग वाटले, आता संपतेच आहे. मणी भराभर सरकू लागले. तो जप जप राहिला नाही आणि मी उठलोही नाही.

फोन हाती घेतला तेव्हा त्यात वेळ टळलेले तीन ओटीपी होते. त्यांच्याखाली माझे वाक्य होते, आणि संयमाबद्दल माझेच आभार मानले होते.

मी अधिकारी बाईंना फोन केला. "गुरुजी, ते सिस्टिम करते. उघडायला माझ्याकडे बटण नाही." अभियंता म्हणाला, "सर, तुम्ही मीटिंगला होतात ना? तेव्हाच बोलायचं होतं."

मी बोललो होतो. पण वर्गात एक विभक्ती शंभरदा सांगणारा मी, तिथे एकदाच बोलून थांबलो होतो. त्या दिवशी राग नेमका कुणावर धरावा, हेच मला कळेना.

दुपारी भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजत होती.

"माझं चुकलं," मी दारातून म्हणालो.

"चुकायचं काय त्यात." तिने मागे पाहिले नाही. "तुमचा देव रोजचा हाय, गुरुजी. माझ्या पोरीला उद्याचाच दिस हाय. उद्या माळ देव्हाऱ्यात ठेवा नि फोन हातात."

चोवीस तास संपणार होते शनिवारी आठच्या सुमारास, म्हणजे पुन्हा जपाच्याच वेळी. या वेळी आकडे समोर उभे राहूनच सांगायचे, म्हणून मी पहाटेच संध्या आटोपली आणि हरसूलच्या पहिल्या एसटीत बसलो. जप राहिला. त्र्यंबकेश्वरला यात्रेकरू उतरले, तेव्हा सवयीने माझे हात जोडले गेले, पण नजर फोनच्या रेंजवर होती. याची लाज वाटली, आणि ती वाटावी अशी वेळ आली याचा संतापही.

केंद्रावर मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद छातीशी धरून उभी होती. आठ वाजून गेल्यावर ओटीपी आला. मी एकेक आकडा वर्गात सांगावा तसा सांगितला. "हळू गुरुजी, बोटं माझी हायेत," सेतूवाले म्हणाले. पोचपावती छापून आली. मुलीने वाकून नमस्कार केला आणि परत जाणारी एसटी धावत गाठली.

माझे समाधान ती एसटी वळेपर्यंत टिकले. रांगेतली पुढची बाई कडेवरचे मूल सावरत म्हणाली, "गुरुजी, माझा बी अर्ज तुमच्या नंबरवर टाका ना. मुकादमाचा नाय चालत म्हणत्यात."

"आता तुम्हीच आमचे मुकादम व्हा!" मागून कुणीतरी ओरडले आणि रांग हसली.

सेतूवाल्यांनी माझा नंबर टाकून दाखवला. पडद्यावर अक्षरे उमटली.

"काय लिवलंय?" तिने मला विचारले.

मी वाचून दाखवले. "या क्रमांकावर नोंदणी आधीच झालेली आहे. कृपया आपला स्वतःचा क्रमांक द्यावा." त्यातले 'कृपया' मी घातलेले होते.

"वाचलं झ्याक," ती म्हणाली. "पण मी करू काय?"

कॉलेजाने पावती संध्याकाळी घेतली. पुढच्या बैठकीत मी रांगेतल्या त्या बाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत मांडला, आणि मग पुन्हा मांडला. "पुढच्या टप्प्यात घेऊ, गुरुजी," अधिकारी बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तपासायला नवी वाक्ये पुढे केली. मी ती घेतली नाहीत. तो प्रश्न इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत त्यावर सही करणार नाही, असे सांगून मी उठलो. इतिवृत्त अजून तसेच पडून आहे.

मुलीचा दाखला अजून आलेला नाही. तिच्या नावाने माझ्या फोनवर निरोप येतात: आपल्या अर्जाची छाननी सुरू आहे. एखाद्या सकाळी पुन्हा ओटीपी मागतील, आणि तो दहाच मिनिटे चालेल. म्हणून जपाला बसताना आता फोन आसनाच्या उजव्या बाजूला, पळीपंचपात्राशेजारी ठेवलेला असतो.