झाकण उघडून बघणारा

पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याला सगळे 'दाखवा' म्हणत. खरं नाव होतं, पण एकोणीस वर्षांत तिथे ते कुणाला लागलं नव्हतं. दर शनिवारी दुपारी दोन ते पाच औषधवाल्याचं दुकान बंद असे आणि तेवढ्या वेळात दुकानामागच्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध टेबल टाकून चौघं पोकर खेळत. औषधवाला स्वतः, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई, लिफ्टदुरुस्ती करणारा आपला हा माणूस आणि त्याचा मेहुणा. पैसे लावायचे नाहीत हा बाईंचा नियम. लावायची ती शर्टाची बटणं, आणि ज्याची बटणं आधी संपतील त्याने पुढच्या शनिवारची बिस्किटं आणायची. बेकरीवाला त्याला लांबून येताना बघूनच पुडा बांधायला घेई. खेळ कसा होता ते यावरून समजून घ्या.

समोरच्याने बटणं वाढवली की पोकरमध्ये तीन वाटा असतात. पत्ते उपडे ठेवून 'पॅक' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मग समोरच्याच्या हातात खरंच काही होतं की त्याने नुसती थाप मारली, हे कधीच कळत नाही, कारण पॅक करणाऱ्याला पत्ते दाखवायला कुणी बांधील नसतं. दुसरी वाट म्हणजे आपणच आणखी वाढवायचं. ही आपल्या माणसाने एकोणीस वर्षांत दोनदा वापरली असेल, त्यातली एक चुकून. आणि तिसरी म्हणजे तेवढीच बटणं मध्ये सरकवून म्हणायचं, "दाखवा." हातात दुर्रीची जोडी असो नाहीतर तीही नसो, हा म्हणणार "दाखवा". समोरचा दाखवायचा आणि हा हरायचा. हरल्यावर मात्र याचे खांदे खाली येत, अडकलेला श्वास सुटे आणि हा तांब्याकडे हात करी.

"भावोजी, हरलात तुम्ही," मेहुणा म्हणायचा. "जिंकल्यासारखं पाणी काय पिताय?"

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस असाच असायला हवा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एकतीस वर्षं त्याचं काम एकाच नियमावर चाललं होतं. शंका आली की झाकण उघडायचं. ब्रेक लागताना जरा ओढल्यासारखं वाटलं, उघड. दाराचा लॉक बसल्याचा दिवा लागलाय? दिव्याचं काय ऐकतोस, उघडून बघ. हाताखालच्या माणसाने "बरोबर असेल, मला वाटतं" असं म्हटलं की हा भडके. "वाटतं काय? बघितलंस का?" लोक मागून नक्कल करत, पण त्याच्याकडच्या साठेक लिफ्टमध्ये इतक्या वर्षांत कुणाला खरचटलंही नव्हतं. आता हाच नियम त्याने घरी आणला, गॅसचं बटण तीनतीनदा तपासलं, बायकोला दवाखान्यातल्या नोकरीवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की दवाखान्यात फोन लावला, यात त्याच्या मते काही वावगं नव्हतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण तिने ते सांगून सांगून सोडून दिलं होतं.

बाईंनी एकदा त्याला समोर बसवून समजावलं. शिकवण्याची सवय जात नाही.

"गेल्या तीन महिन्यांत तुम्ही माझ्यासमोर चाळीस वेळा 'दाखवा' म्हणालात. चौतीस वेळा हरलात."

"म्हणजे सहा वेळा माझं बरोबर होतं."

"ऐका माझं. तुम्ही जिंकायला बटणं टाकतच नाही. पोटातला गोळा जावा म्हणून टाकता. पत्ते दिसले की गोळा जातो, मग तुम्हाला वाटतं काम झालं. हरल्याचं तुम्हाला वाईटच वाटत नाही, तर तुम्ही शिकणार कशातून?"

तो म्हणाला, "पण बाई, तुम्ही तेव्हा थाप मारली होती आणि मी पंजीच्या जोडीवर तुम्हाला पकडलं होतं. आठवतं?"

बाईंना आठवत होतं. त्याला अकरा वर्षं झाली होती. हे एक पकडणं त्याने जिवापाड सांभाळलं होतं, आणि तसंच ते दुसरंही, जेव्हा त्याने पॅक केलं आणि औषधवाल्याने मुद्दाम हसत हसत आपले पत्ते उलटून दाखवले आणि त्यात काहीही नव्हतं. दाढी करताना ते आठवलं की त्याचा हात अजून थांबे. मधली शेकडो वेळची हार त्याच्या लेखी झालीच नव्हती. बाईंचं बोलणं त्याला पटलं, दोन दिवस त्याच्या डोक्यात राहिलं आणि शनिवारी पहिल्याच डावाला तो म्हणाला, "दाखवा."

इथवर हसण्यावारी नेता येईल असंच सगळं होतं. बिस्किटांनी कुणाचं घर बुडत नाही.

त्याची लेक सव्वीस वर्षांची, एकुलती एक, घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला. चार महिन्यांपूर्वी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्याने घेतली. जाताना तिने जास्तीची किल्ली बापाच्या हातात दिली आणि म्हणाली, "फक्त अडीअडचणीला हं, बाबा." त्याने मान डोलावली. मग एका मंगळवारी तिचा फोन आला.

"बाबा, माझं एक चाललंय. काय ते मीच सांगेन, या रविवारी नाही, पुढच्या. तोवर विचारू नका. आईलाही हेच सांगितलंय."

"तब्येत बरी आहे ना?"

"बाबा. विचारू नका म्हटलं ना?"

त्या क्षणापासून त्याचा जीव टांगणीला लागला. आजार असणार. आजार नसेल तर नोकरी गेली असणार. नोकरी असेल तर मग कुणीतरी माणूस, आणि नुसता माणूस असता तर ती इतकी गंभीर कशाला झाली असती? बायको चपला झटकत म्हणाली, "अहो, सांगते म्हणालीय ना पोरगी? बाराच दिवस आहेत."

"बारा दिवसांत काय काय होतं."

"काय होतं?"

"तेच माहीत नाही ना."

बुधवारी त्याने लेकीला काहीतरी निमित्त काढून फोन केला. तिच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज कसा येतो ते विचारलं. "बाबा, माझ्या इमारतीला लिफ्ट नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याला हे माहीत होतं, चार महिन्यांपूर्वी त्यानेच तिची पेटी जिन्याने वर नेली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजेने गोळा हलेना. कामावर त्याने एकच झाकण दोनदा उघडलं आणि दुसऱ्या मजल्यावर 'काम चालू आहे'ची पाटी तशीच विसरला, त्यामुळे तिथले लोक चांगल्या लिफ्टला हात न लावता दिवसभर जिना चढले. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. याच डोक्याने काम करत राहिलो तर कुणाचा तरी जीव घेईन, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि गुरुवारी दुपारी, लेक कचेरीत असताना, तो किल्ली घेऊन तिच्या खोलीवर गेला.

खोली आवरलेली होती. कप धुऊन उपडा ठेवलेला. त्याने आधी औषधं शोधली. डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी होती, त्यातल्या दोन घेतलेल्या. त्याने पट्टीची तारीखसुद्धा बघितली. मग टेबलाचा खण ओढला. आपण हे काय करतोय हे त्याला नीट कळत होतं, आणि कळत असूनही हात थांबत नव्हता.

खणात एक पत्र होतं. विमानाने जावं लागेल इतक्या लांबच्या शहरातल्या एका कंपनीने तिला दोन वर्षांसाठी नोकरी देऊ केली होती. सोबत होकार-नकार कळवायचा फॉर्म होता, कोरा. आणि त्याखाली तिच्या अक्षरातला एक कागद. डावीकडे 'जाणे', उजवीकडे 'राहणे'. जाण्याखाली चार ओळी, राहण्याखाली सात. राहण्याखालची पहिली ओळ होती, 'बाबांना झेपणार नाही.'

तो तिच्या पलंगावर बसला. आजार नव्हता. नोकरी गेली नव्हती. आणि सात ओळी राहण्याच्या होत्या, म्हणजे ती जातही नव्हती. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याने सगळं होतं तसं खणात ठेवलं, चादरीवरची बसल्याची सुरकुती हाताने सारखी केली. निघताना त्याचा धक्का लागून कपाटाचं दार उघडलं आणि करकरलं. खालची बिजागरी सैल होती. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होताच. दोन मिनिटांचं काम. दार उघडून, मिटून त्याने खात्री केली आणि खूश होऊन तो घरी आला. चोरी करायला शिरलेला माणूस घरातला नळ दुरुस्त करून गेला, असं कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो, पण त्याचा हात तसाच होता, सैल स्क्रू दिसला की तो विचार करत नसे.

शनिवारी तो बटणं संपेपर्यंत हरला आणि तरी शीळ घालत होता. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "आज काय विशेष?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

रविवारी दुपारी लेक आली. सांगितलेल्या रविवारच्या आठ दिवस आधी. बसली नाही, पर्स खांद्यावरून काढली नाही.

"माझ्या कपाटाचं दार आता वाजत नाही," ती म्हणाली.

बायकोने आधी तिच्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तो काहीतरी सांगू शकला असता. ऊन, लाकूड, हवा, काहीही. त्याने खिशातली किल्ली चाचपली.

"किल्ली द्या, बाबा."

त्याने दिली.

"मी 'नाही' असंच कळवणार होते त्यांना," लेक म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "जवळजवळ ठरलंच होतं. वाटायचं, तुमचा जीव घाबरा होतो, आपण जवळ राहावं. पुढच्या रविवारी इथे बसून तुम्हालाच पहिलं सांगणार होते. आजवर एक गोष्ट अशी नाही की जी तुम्हाला पहिल्यांदा माझ्या तोंडून कळली. निदान ही तरी. मग परवा संध्याकाळी कपाट उघडलं आणि लक्षात आलं, जवळ राहिले तर हेच होत राहणार. काल फॉर्म पाठवला. जातेय मी."

"मला वाटलं, तू आजारी आहेस."

"हो. तुम्हाला वाटलं."

बायको डोळे पुसत आत गेली. तो उभा होता तिथेच भिंतीला टेकला. आणि इतकं होऊनही त्याने विचारलंच, "मी गेलो नसतो तर राहिली असतीस?"

"ते आता कसं सांगणार, बाबा?" ती म्हणाली आणि निघून गेली.

हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

ती गेली तेव्हा विमानतळावर त्याने तिला काही विचारलं नाही, कारण बायकोने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तिकडून ती दर रविवारी फोन करते, दहा मिनिटं. शनिवारचे डाव चालूच आहेत आणि त्यात काडीचा फरक नाही, बिस्किटं तोच आणतो. बाईंना त्याने एकदा सगळं सांगितलं. बाई पत्ते पिसत म्हणाल्या, "बटणांवर शिकला असतात तर बरं झालं असतं."

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा लेकीचा आवाज जड होता. सर्दीचा असेल, रडून झाल्यावरचा असेल. आवाज बदललेला त्याच्या कानातून सुटत नाही.

"जेवलीस?"

"हो."

"काम?"

"चाललंय."

"बाकी?"

ती लगेच बोलली नाही. अर्ध्या श्वासाइतकंच, पण थांबली. "बाकी ठीक."

त्याच्या पोटात गोळा आला. तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचा नंबर त्याने बायकोच्या वहीतून उतरवून घेतला होता, कचेरीचा पाठ होता, आणि नाहीच तर सरळ विचारता येत होतं, आत्ता, या क्षणी. रडलीस का, एवढंच. बायको समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बरं," तो म्हणाला.

फोन चालूच होता. तिने ठेवला नाही, तोही काही बोलला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. विचारण्याची ती वाट बघत होती, की हा विचारतो का ते बघत होती, की नुसतीच थकून बसली होती, कोण जाणे.

"ठेवते, बाबा," ती शेवटी म्हणाली. फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"ठीक आहे म्हणाली."

"तुम्ही काही विचारलं नाहीत."

"नाही."

"मग असेल ठीक."

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि बंद फोन दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला.