वारा दोनच्या आत

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या मराठी मंडळात सुलेखाकाकूंची ओळख करून द्यायची म्हणजे देवदत्तची पंचाईत व्हायची. "आई काय करते?" असं कुणी विचारलं की तो घसा खाकरून म्हणायचा, "व्हॉलंटियर करते, असंच काहीतरी." काकू त्याला कोपरानं बाजूला सारायच्या आणि ठणकावून सांगायच्या, "मी वारा मोजते." समोरचा हसायचा. हसू दे बापडा! त्याला काय ठाऊक, की नागपूरच्या हवामान केंद्रात पस्तीस वर्षं या बाईनं फुगे सोडले, पारा वाचला, वारा लिहिला, आणि एका दिवसाचीही नोंद चुकू दिली नाही.

दोन हजार तीनमध्ये काकू निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी मुलाकडे आल्या. देवदत्त आणि सूनबाई आसावरी सकाळी आठला गाड्या काढून ऑफिसला जात, ते संध्याकाळीच दिसत. काकूंना ड्राइव्ह करता येईना. पोळ्या करून करून माणूस किती करणार? टीव्ही लावला तर त्यातली हवामानवाली बाई वाऱ्याबद्दल इतकं मोघम बोलायची की काकूंचं डोकंच उठायचं. शेवटी त्यांनी पांढरे बूट घेतले आणि साडीवर ते चढवून घराजवळच्या शाळेच्या ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायला सुरुवात केली.

तिथेच त्यांना इनेस भेटली. स्पेनमधल्या बादाखोसची पोर, वय पंचवीस, शंभर मीटरची धावपटू. कोच वॉल्टर म्हणून सत्तरीचे एक गृहस्थ त्या ट्रॅकवर धावपटू घडवत, त्यांच्याकडे शिकायला ती आली होती. त्या दिवशी ती धावायची, स्टॉपवॉच बघायची आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटायची. ते स्तोत्र नव्हतं, एवढं काकूंना बरोबर कळलं. चार वेळा त्यांनी सोसलं. पाचव्या वेळी त्या ट्रॅकच्या कडेला जाऊन, आपल्या सरकारी इंग्रजीत, थेट ओरडल्या, "अगं बाई, वारा तोंडावर घेऊन काय पळतेस? त्या टोकाहून पळ, तिकडून पाठीवर येईल!"

इनेसनं त्यांच्याकडे, बाई वेडी आहे की काय, असं पाहिलं. पण गेली त्या टोकाला. धावली. घड्याळ बघितलं आणि थेट काकूंकडे चालत आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पदर बघ की माझा," काकू म्हणाल्या. "मघापासून तू धावायला सुरुवात करायचीस, त्या टोकाकडेच उडतोय."

झालं, जमली गट्टी! बादाखोसला उन्हाळ्यात अंगाची लाही होते हे कळल्यावर तर काकूंना ती नागपूरचीच वाटायला लागली. दर रविवारी इनेस गोळाभात खायला यायची. बेसनाचे गोळे, वर फोडणीचं तेल, आणि ही पोरगी ताट चाटूनपुसून म्हणायची, "काकू, उद्या मी ट्रॅकवरून उडणार." देवदत्तनं तिला 'काकू' म्हणायला शिकवलं होतं, पण ती ते असं म्हणायची की आसावरीलाही आपल्या सासूचा हेवा वाटायचा.

पुढच्याच वर्षी कोच वॉल्टरांचा वारा मोजणारा गृहस्थ दुसऱ्या राज्यात राहायला गेला. काकूंनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं, परीक्षा दिली, पास झाल्या. तेव्हापासून स्पर्धा असली की ट्रॅकच्या मध्याजवळ, तिपाईवरच्या यंत्रामागे, घडीच्या खुर्चीत साडीतली ही बाई बसलेली दिसायची. काम साधं. बंदूक वाजली की यंत्र सुरू करायचं, दहा सेकंदांचा वारा वाचायचा आणि लिहायचा. पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरच्या वर गेला, तर धावपटूची वेळ संघनिवडीसाठी धरत नाहीत, कारण अर्धं काम वाऱ्यानंच केलेलं असतं.

इनेसचं नशीब मात्र खोडसाळ होतं. स्पेनच्या रिले संघातून ती दोनदा धावली. एकदा मांडीचा स्नायू फाटला आणि अख्खं वर्ष गेलं. स्पेनची जर्सी अंगात घालून शंभर मीटर एकटीनं धावायचं, एवढं एकच तिला हवं होतं, आणि तेच कधी झालं नव्हतं. दोन हजार आठ साल उजाडलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. "हा शेवटचा सीझन, काकू," ती म्हणाली. संघाची यादी जुलैत बंद होणार होती आणि तोवर अकरा पूर्णांक चाळीस सेकंदांच्या आत एक शर्यत हवी होती.

जूनमधल्या एका शनिवारी ती धावली. काय धावली! शेवटच्या तीस मीटरमध्ये बाकीच्या पोरी जागेवर उभ्या आहेत असं वाटलं. घड्याळ म्हणालं, अकरा छत्तीस. इनेस हात पसरून ओरडत सुटली.

काकूंचं लक्ष यंत्रावर होतं. त्यावर आकडा होता, दोन पूर्णांक शून्य तीन.

आता नियम काय सांगतो? नोंद एकाच दशांशापर्यंत करायची, आणि मागे काही शतांश उरले तर आकडा वर न्यायचा. नेहमी वरच. कोच वॉल्टर धापा टाकत आले, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "सुलेखा, हे तर दोनच की."

"नियम वर न्यायला सांगतो, कोच."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." काकूंनी लिहिलं, दोन पूर्णांक एक. वेळ बाद.

इनेस आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "तीन शतांश, काकू? तुम्हाला तीन शतांश मला देता आले नाहीत?"

"माझे असते तर सगळे दिले असते गं. ते वाऱ्याचे होते."

इनेस बॅग उचलून निघून गेली. त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. काकूंनी दोन्ही रविवारी गोळाभात केला आणि दोन्ही रविवारी तो त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

"आई, सोडून दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" देवदत्तनं विचारलं.

"अरे, माझ्या आकड्यावर सोनेगावला विमानं उतरायची!" काकू कडाडल्या, आणि मग एकदम रडायलाच लागल्या. "पोरीनं चार वर्षं घासली रे. मला नाही का वाटत?" देवदत्तनं आईचं ताट उचललं आणि तिच्यासाठी चहा टाकला.

पण रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन ट्रॅकवर गेल्या. आसावरीनं आणून दिलेलं हातातलं छोटं यंत्र घेऊन, दुपारी चारपासून साडेआठपर्यंत, दर पंधरा मिनिटांनी वारा लिहायला लागल्या. पाणी प्यायचं, पदरानं घाम पुसायचा, लिहायचं. बारा दिवस. शाळेच्या माळ्याला वाटलं, बाई बहुतेक ट्रॅक विकत घेणार. बाराव्या दिवशी त्यांनी कागद काढला, खाली 'सुलेखा, निवृत्त सीनियर ऑब्झर्व्हर, नागपूर' अशी झोकात सही केली आणि कोच वॉल्टरांच्या हातात दिला.

"शेवटची स्पर्धा बारा जुलैला आहे ना? शंभर मीटर पाचला ठेवू नका. तेव्हा जमीन तापलेली असते आणि वारा माकडासारखा उड्या मारतो. पावणेआठला ठेवा. ऊन उतरलं की तो शहाण्यासारखा एका चालीनं वाहतो. बारापैकी दहा दिवस दोनच्या आत होता."

"हे इनेससाठी?" कोच हसले.

"आठही पोरींसाठी. वारा काय एकटीच्या लेनमध्ये येतो का?"

कोचनी वेळ बदलली.

बारा जुलैला पावणेआठ वाजता काकू खुर्चीत बसल्या, तेव्हा मागच्या पाइनच्या शेंड्यांची हालचाल संथ झाली होती. देवदत्त आणि आसावरी पहिल्यांदाच बघायला आले होते. इनेसनं काकूंकडे पाहिलं नाही. बंदूक वाजली, काकूंनी बटण दाबलं, आठ पोरी समोरून सुसाट गेल्या. मान वर करायचा मोह झाला, पण त्यांनी ती यंत्रावरून हलवली नाही.

घड्याळावर आलं, अकरा एकोणचाळीस. कुणीच ओरडलं नाही. इनेस, कोच, बाकीच्या पोरी, देवदत्तसुद्धा, सगळे वळून एका साडीतल्या बाईकडे बघत राहिले.

यंत्रावर होतं एक पूर्णांक चौऱ्याण्णव. काकूंनी चष्मा पुसला, परत बघितलं. नियमाप्रमाणे आकडा वर नेला आणि घसा फाडून ओरडल्या, "दोन! बरोब्बर दोन! चालतंय!"

मग काय विचारता! कोचनी टोपी आकाशात फेकली. इनेस धावत आली, पण दोन पावलांवर थांबली आणि यंत्रावर वाकली. आकडा वाचून ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

"एक चौऱ्याण्णवचे तुम्ही दोन केलेत? आजसुद्धा?"

"आजचा नियम वेगळा आहे का?"

"आणि दोन शून्य एक असतं तर?"

"तर दोन पूर्णांक एक लिहिलं असतं," काकू म्हणाल्या. "मग घरी जाऊन ढसाढसा रडले असते. पण लिहिलं असतं."

इनेसनं घामेजलेल्या अंगानं त्यांना अशी मिठी मारली की घडीची खुर्ची आडवी झाली. मग काकूंच्या खांद्यावर तोंड लपवून म्हणाली, "काकू, चार रविवारांचा गोळाभात राहिलाय माझा."

"चल," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पण आधी ती खाली पडलेली वही दे इकडे. पावणेआठची नोंद राहिलीये."